गच्चीवरची निपाणी

आता हे आम्ही सांगितलं म्हणून कुठं बोलू नका. नाव तर अजिबात घेऊ नका, कारण माणूस चांगला आहे, पेन्शनर आहे आणि त्याच्या घरी आमचं येणंजाणं आहे. पण कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका दुमजली घराच्या गच्चीवर, तुळशीपासून हातभर अंतरावर, तंबाखू पिकलीय. कुंडीत चुकून एखादं रोप आलं असं नव्हे. रंगाच्या रिकाम्या बादल्या, तळाला भोकं पाडून, ओळीनं मांडून, शेणखत घालून, रीतसर. नवरात्रात झाडं गुडघ्याला लागत होती आणि दिवाळी उलटता उलटता कठड्यावरनं डोकावून रस्त्यानं कोण जातं-येतं ते बघायला लागली.

आधी कुणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण झाड दिसायला देखणं. पान ताटाएवढं, फूल नळीसारखं लांबट आणि गुलाबी. शेजारच्या वयनींनी तर ती फुलं मागून नेली आणि गुरुवारी दत्ताला वाहिली. दत्तगुरूंनी काही तक्रार केली नाही. पण झाड कशाचं ते कळलं त्या दिवशी वयनींनी देवघर धुऊन काढलं, गोमूत्र शिंपडलं आणि आण्णांशी बोलणं सोडलं. (त्यांना आपण आण्णाच म्हणू. निम्म्या पेठेला आण्णाच म्हणतात, त्यामुळे ओळख पटायची भीती नाही.)

आण्णांना विचारलं की उत्तर तयार असतं. "जास्वंदीवर मावा पडतोय हो! तंबाखूचं पाणी मारतो. सेंद्रिय!" आता तंबाखूच्या काढ्यानं मावा मरतो हे खरंय, निकोटीन हे जुनं कीटकनाशक आहे आणि बागवाल्यांना ते ठाऊक आहे. पण आण्णांची जास्वंद एक आणि बादल्या वीस. एवढ्या तंबाखूत पेठेतला झाडून सगळा मावा मरेल आणि उरलेल्यात टाऊन हॉलची बाग फवारून होईल. शिवाय मावा मारायला लावलेल्या झाडावरच अळ्या आल्या. तंबाखू ही वांगी, टोमॅटो, मिरची यांच्या कुळातली, त्यामुळे एकीचं दुखणं दुसरीला लागायला वेळ लागत नाही. वयनींच्या कुंडीतल्या मिरचीची पानं चट्ट्यापट्ट्यांची झाली, तेव्हा आण्णांनी हात वर केले. पण तंबाखूवरचा मोझॅक नावाचा रोग तंबाखू हाताळणाऱ्याच्या बोटांवरनंसुद्धा मिरची-टोमॅटोला लागू शकतो, आणि आण्णांची बोटं कुठंकुठं फिरतात ते गल्लीला माहीत आहे. जाता जाता सांगतो, जंतूपेक्षाही बारीक असं काहीतरी रोग पसरवतंय आणि ते वेगळंच प्रकरण आहे, हे १८९८ साली बायरिंक नावाच्या डच शास्त्रज्ञानं मांडलं ते ह्याच रोगावरनं. म्हणजे विषाणूशास्त्राचा उगमही तंबाखूतच. आण्णांना हे सांगू नका, ते बोर्ड लावतील.

खरं कारण वेगळंच आहे. चिक्कूपणा! आण्णा सिगारेट ओढतात आणि प्रत्येक सिगारेटीगणिक सरकारला शिव्या घालतात. परदेशातल्या जावयानं त्यांना मोबाइलवर व्हिडिओ पाठवले. अमेरिकेत म्हणे लोक परसात तंबाखू लावतात, घरीच वाळवतात, घरीच कापतात आणि स्वतःपुरती असेल तर त्यावर केंद्राचा कर नाही. झालं! जावयानं हे सांगितलं नाही की ऑस्ट्रेलियात परवान्याशिवाय एक रोप लावलं तरी गुन्हा होतो. जावई तेवढंच सांगतात जेवढं सासऱ्याला ऐकायचं असतं.

आपल्याकडं काय कायदा आहे, ह्यावर कट्ट्यावर तीन संध्याकाळी गेल्या. एकजण म्हणाला गांजाचंच कलम लागतं, त्याला सगळ्यांनी गप्प बसवलं. मग म्हाताऱ्या मंडळींनी आठवणी काढल्या. १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, इंग्रजानं कच्च्या तंबाखूवर अबकारी कर बसवला. तेव्हापासून शेतातल्या पिकावर सरकारचा डोळा, वखारीवर सरकारचा डोळा, आणि वहीतलं वजन चुकलं की शेतकऱ्याला घाम. ते ओझं उतरलं थेट १९७९च्या अर्थसंकल्पात. १९७५च्या कायद्यानं आलेला टोबॅको बोर्ड गुंटूरला बसतो आणि त्याची नोंदणी लागते ती सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूला. देशी तंबाखू लावायला कुणाला विचारायला नको. हे ऐकून आण्णांची छाती अशी फुगली की जणू कायदा त्यांच्यासाठीच केलाय.

त्यात दैवही त्यांच्या बाजूनं. झाडं वाढत असतानाच, ३ सप्टेंबर २०२५ला, जीएसटी परिषदेनं सिगारेट आणि तंबाखूला ४० टक्क्यांच्या पंक्तीत बसवायचं ठरवलं. विडीला १८ टक्क्यांवर आणलं, कारण विडीमागं मतं आहेत. आणि १ फेब्रुवारी २०२६पासून सिगारेटवर नवा अबकारी करही आला. आण्णा गल्लीभर पेपर फिरवत होते. "बघा! मी जुलैतच तरवा टाकला!" अर्थमंत्र्यांच्याही आधी आपल्याला कळलं, असा त्यांचा तोरा.

तरव्याचीही एक कथा आहे. बी आलं निपाणीकडच्या मेव्हण्याकडनं, फुकट. तंबाखूचं बी इतकं बारीक की एका ग्रॅमात दहा हजारांवर दाणे बसतात. शेतकरी ते राखेत नाहीतर वाळूत मिसळून चिमटीनं टाकतो. आण्णांनी मेथी टाकतात तसं मूठभरून टाकलं. पंधरा दिवसांत ट्रेमध्ये हिरवी गादी. उपटून फेकायचं जिवावर आलं, म्हणून वाटली रोपं. अशानं हे वेड पसरलं! आज राजारामपुरीत एका डॉक्टरांच्या बाल्कनीत आहे, कळंब्याकडं एका बंगल्याच्या कुंपणाला आहे, आणि शुक्रवार पेठेत एका तालमीच्या वस्तादांनी मागच्या बाजूला दोन लावलीत, शोभेची म्हणून. तालमीत! जिथं पोरांनी सुपारी खाल्ली तरी शंभर जोर काढायला लावतात.

तंबाखू वाढवायला काही लागत नाही, ती वाळवायला अक्कल लागते, आणि खरा तमाशा इथनं पुढं आहे. हिरव्या पानात पाच वाट्यांतले चार वाटे पाणी. ते उडवलं की झालं, अशी आण्णांची समजूत. पण पान तोडलं म्हणजे लगेच मरत नाही. ते जिवंत राहून स्वतःतलाच साठा खात खात पिवळं पडतं, मग तांबूस होतं आणि सावकाश मरतं. त्या सावकाश मरण्यातच सगळी चव आणि वास. घाई केली की पान हिरवं असतानाच खलास होतं आणि मग ते जन्मभर हिरवंच. सावलीत टांगलेल्या पानाला महिना-दीड महिना सहज लागतो. व्हर्जिनियावाले बंद कोठीत आठवड्याभरात उरकतात, पण तिथं उष्णता पस्तीस अंशांपासून सत्तर अंशांपर्यंत पायरीपायरीनं चढवायची असते आणि रात्रभर कुणीतरी भट्टीशी जागायचं असतं.

आण्णांकडं भट्टी नाही, जागरण झेपत नाही. पहिला घाण त्यांनी बायकोच्या, म्हणजे आमच्या काकींच्या, जुन्या लुगड्यावर भर उन्हात पसरला. तीन दिवसांत पानं कडकडीत आणि हिरवीगार. दुसऱ्या खेपेला जावयाचा व्हिडिओ बघून गाडीत टांगली. काचा बंद, गाडी उन्हात, मागच्या सीटवर दोरी बांधून पानांचं तोरण. कल्पना वाईट नव्हती म्हणा. पण त्याच रविवारी सुनेच्या माहेरची माणसं जोतिबाला जायला आली. गाडी दुसरी नव्हती. तोरण उतरवलं, वास कुठं उतरतोय? केर्ली ओलांडेपर्यंत विहीणबाई शिंकून शिंकून लाल झाल्या आणि घाटात व्याह्यांनी गाडी थांबवून बाहेर मान काढली. गुलाल पडायच्या आधीच नात्यावर राख पडली. तिसरा घाण माळ्यावर, बंबाच्या वर, उबेत ठेवला. त्याला बुरशी आली. पांढरी, मऊ, चांगली लव असलेली. आण्णा म्हणाले, हेच फर्मेंटेशन. काकी काही म्हणाल्या नाहीत, त्यांनी फक्त फिनेलची बाटली माळ्याच्या शिडीला टेकवून ठेवली.

मधे एक दवाखानाही होऊन गेला. भल्या पहाटे दवानं ओली पानं तोडायला आण्णा उघड्या हातांनी गेले, आणि आठ वाजता चक्कर, मळमळ, उलट्या. बीपी म्हणून घाबरून नेलं. ओल्या पानावरचं निकोटीन कातडीतनं अंगात जातं. तंबाखूच्या शेतात राबणाऱ्यांना हे दुखणं नवं नाही. चाळीस वर्षं सिगारेट ओढलेला गडी पान ओढण्याआधीच आडवा झाला! डॉक्टरांनी हसू दाबलं असं कंपाउंडर सांगतो.

शेवटी कागलकडनं मामा आले. काकींचे थोरले भाऊ, उभं आयुष्य तंबाखूत गेलेलं. आण्णांनी मोठ्या कौतुकानं डबा उघडून पुढं केला. मामांनी एक पान उचललं, चुरगाळलं, नाकाला लावलं आणि शांतपणे विचारलं, "मेथी कशाला वाळवलीस रं?"

मग मामांनी गच्ची बघितली. "पाणी किती घालतोस?" रोज, सकाळ-संध्याकाळ, असं आण्णांनी अभिमानानं सांगितलं. मामांनी कपाळाला हात लावला. निपाणी-अक्कोळच्या काळ्या रानातलं हे पीक पावसावर येतं आणि पुढं जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर तगतं. उपाशीतापाशी वाढतं म्हणून पानाला जाडी येते, चीक धरतो, वर तांबूस ठिपके उमटतात. हात लावला की बोटं काळी-चिकट व्हायला पाहिजेत. "पाणी पाजून पाजून माजीवलीस. आणि शेंडा न्हाई खुडलास? फुलं येऊ दिलीस?" शेंडा खुडायचा, बगलेतले फुटवे मोडत राहायचे, तेव्हा कुठं झाडाचा जीव पानात उतरतो. आण्णांच्या झाडांचा जीव फुलांत गेला आणि फुलं गेली दत्ताला. मामांनी बुंध्याशी वाकून बंबाखू आलाय का तेही बघितलं. तंबाखूच्या मुळांवर जगणारं ते बिनहिरवं तण शेतकऱ्याचा काळ असतं. ते नव्हतं. "त्येलासुद्धा हितं यावंसं वाटलं न्हाई," म्हणाले.

जानेवारीत आख्खं झाड कापून रानातच आडवं टाकायचं, दिवसा ऊन, रात्री दव, उलटं-सुलटं करायचं, पान कडक असताना हात लावायचा नाही, पहाटे दवानं मऊ पडलं की मगच उचलायचं, मग गंजी, मग बायकांच्या हाताखालनं वखार. मामा सांगत गेले आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बदलला. मार्च १९८१मध्ये ते पंचविशीत होते. शरद जोशींच्या हाकेवर पुणे-बेंगळूर रस्त्यावर निपाणीजवळ तंबाखूवाले बैलगाड्या, बायकापोरं घेऊन तीन आठवड्यांवर बसले होते, तेव्हा मामाही तिथंच. भाव मागत होते. ६ एप्रिलला पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. "आमी दर वाढवून मागितला म्हणून गोळ्या खाल्ल्या, आणि तू घरात फुकट पिकीवतोस," एवढंच म्हणून त्यांनी चहा मागितला. आण्णा पहिल्यांदाच गप्प बसलेले दिसले.

वखारीचं मामांनी एका वाक्यात उरकलं, पुरुषमाणसं उरकतातच. निपाणीच्या वखारींत तंबाखू चाळणाऱ्या, पाखडणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायकांची फुप्फुसं त्या धुरळ्यानं भरायची. त्यांची संघटना कशी उभी राहिली, त्यात देवदासी बायका कशा पुढं आल्या, हे छाया दातारांनी १९८९च्या पुस्तकात तपशिलानं लिहिलंय. ती टपरीवरची पुडी स्वस्त का मिळते, ह्याचं उत्तर आण्णांनी जावयाला विचारण्याऐवजी तिथं शोधायला पाहिजे होतं. घरी पिकवून पैसे वाचतात ही थापच आहे. काकींनी वहीत मांडलंय सगळं. बादल्या, खत, मोटारीचं बिल, गाडी आतनं धुण्याचे पैसे, डॉक्टरांची फी, विहिणीला दिलेलं समजुतीचं लुगडं. एवढ्यात आण्णांना दोन वर्षं ओढायला मिळालं असतं, तेही नव्या करासकट.

आणि लोक बोंबलतात की घोर कलियुग आलंय, तुळशीशेजारी तंबाखू! अहो, ही बोंब चारशे वर्षांची आहे आणि तीही आपल्याच मुलखातनं उठलेली. पोर्तुगिजांनी आणलेली तंबाखू गोव्यामार्गे आदिलशाहीत मुरली, आणि पन्हाळा तेव्हा आदिलशाहीतच होता. १६०४च्या सुमारास अकबराचा माणूस असदबेग शाहजादा दानियालसाठी विजापूरची राजकन्या आणायला गेला, तो परतताना तंबाखू आणि जडावाची नळी घेऊन आला. बादशहानं दोन झुरके घेतले, हकीम आडवा आला. आपल्या शहाण्यांनी न सांगितलेली चाल आपण का उचलायची, असा त्याचा मुद्दा. असदबेग म्हणाला, जगातली प्रत्येक चाल कधीतरी नवीच होती. पुढं १६१७मध्ये जहांगीरनं बंदी घातली. तिचं काय झालं असेल ते ओळखायला इतिहास नको. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्याला बंदी आहे, एवढं आठवा आणि कुठल्याही टपरीच्या पायाशी भिंतीचा रंग बघा.

तर ह्या प्रकरणाचा निवाडा झाला रथसप्तमीच्या हळदीकुंकवात. तिळगूळ राहिला बाजूला, तंबाखूच चघळली सगळ्यांनी. वयनींनी फुलांची हकीकत डोळ्यांत पाणी आणून सांगितली. एकजण म्हणाली, "मी तर तिकडं बघतबी न्हाई, कपडे वाळत घालायला गेलो की पाठ करून उभा राहतो." पोरांवर काय संस्कार होणार, म्हणाली दुसरी. सगळ्यांत जास्त तावातावानं बोलत होती ती कोपऱ्यातली बाई, आणि बोलताना तिचा खालचा ओठ घट्ट दाबलेला. का दाबलेला, ते तिथल्या प्रत्येकीला ठाऊक. आत मिसरी होती.

आता बोला! आण्णांनी एक मोसम केलं तर चव्हाटा, आणि पेठेतल्या परसदारी पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू भाजली जातेय त्याचं काय? मिसरीचा तवा वेगळा असतो, भाकरीच्या तव्याला त्याची सावली चालत नाही. पान टाकायचं, मंद आचेवर काळं कुळकुळीत होईस्तोवर परतायचं, चुरायचं, फडक्यातनं गाळायचं, डबीत भरायचं. भाजणी सुरू झाली की गल्लीला ठसका लागतो आणि सगळ्या खिडक्या न बोलता बंद होतात. कुणी विचारत नाही काय भाजताय, इतकं ते सोज्वळ. दात घासायला म्हणून सुरू होतं आणि दिवसातनं चार वेळा दात घासले जातात. सकाळचा रगाडा उपसून बाई बोटावर मिसरी घेऊन उंबऱ्यावर बसली की पंधरा मिनिटं तिला कुणी हाक मारत नाही. आमचा अंदाज असा की निम्मी तलफ त्या पंधरा मिनिटांची असते. तोंड भरलेलं असतं, उत्तर द्यायला नको. नवऱ्याला पारावर बसायला काही भाजून घ्यावं लागत नाही.

आकडा हवा असेल तर २०१६-१७च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढ बायकांपैकी १७ टक्के कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणाऱ्या निघाल्या. ह्यांत धूर काढणाऱ्या मूठभर. बाकीच्यांचं सगळं ओठांच्या आड. कर्करोगाला मात्र तवा वेगळा ठेवला होता की नाही ह्याशी देणंघेणं नसतं. हिरडी आणि गालफड त्याच्या ओळखीची. हे हळदीकुंकवात कुणी बोललं नाही. बोलणार कोण? अध्यक्षस्थानी आजी होत्या, वय नव्वदीकडं, आणि कमरेच्या चंचीत डबी.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यो हिरवा पाला टाकून दिला का काय त्येनं?"

टाकला नव्हता. डबा भरून पडला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आजींनी तो तव्यावर घेतला. भाजल्यावर हिरवं काय आणि तांबूस काय, सगळं काळंच. आजींनी चिमूट लावून बघितली, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, नंतर तोंड मोकळं करून म्हणाल्या, "बाजारच्यापरीस मऊ हाय. पर घरची हाय." संध्याकाळपर्यंत तिघींच्या डब्या येऊन पडल्या. निषेधाचा ठराव करणाऱ्याच तिघी.

आण्णा पुन्हा टपरीवरनं सिगारेट आणतात, नव्या दरानं, आणि शिव्या आता दुप्पट देतात. गच्चीचा ताबा काकींकडं गेलाय. मामांनी पुढच्या खेपेला वेगळं बी द्यायचं कबूल केलंय. जूनच्या शेवटी तरवा टाकायचा तो काकी स्वतः टाकणार, शेंडा त्याच खुडणार. आण्णांकडं एकच काम दिलंय, पाणी न घालण्याचं.